ते रापाच्या खिडकीतलं आफ्रिकन झाड

ऑकलंडच्या विमानतळावर माझे बूट धुऊन मिळाले. निघण्याआधी मुळशीकडे एक चक्कर मारली होती, तिथली माती तळव्यांच्या खाचांत वाळून बसली होती. "किया ओरा (माओरी भाषेत नमस्कार)" म्हणत अधिकारी बाईंनी बूट आत नेले आणि परत आणले तेव्हा ते नव्यापेक्षा स्वच्छ होते. परकी माती, परकं बी, परकी अळी यांतलं काहीही या देशाला आत नको असतं. सारी हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं. होतंही, पण बूट पुसायचे राहिले ते राहिलेच.

म्हणूनच ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात धाकट्या बहिणीच्या, मेधाच्या, घरात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनातलं एक झाड छताला डोकं टेकवून उभं होतं.

"ताई, हा माझा वड," मेधा म्हणाली.

"हा वड नाही."

"आल्या आल्या सुरू झालीस? वड नाही हे मलाही कळतं. कुळ तर एकच ना?"

कुळ एकच, हे मात्र खरं. फायकस लायराटा हे त्याचं शास्त्रीय नाव. वड, पिंपळ, उंबर ही सगळी त्याची भावंडं. आडनाव एक, गाव निराळं. या देशात आल्यावर पहिल्या ज्येष्ठी पौर्णिमेला मेधाला वड कुठे मिळेना. नर्सरीवाल्याने चार पानांचं हे रोप दाखवून "त्याच जातीतलं आहे" असं सांगितलं. बाईसाहेबांनी ते घरी आणून त्याला सूत गुंडाळलं. तेव्हापासून दर वर्षी हाच वड. भाड्याची घरं बदलली, झाड बरोबर आलं.

मी सहज फिरायला आले नव्हते. फोनवर मेधाचा सूर वर्षभर उतरलेला होता. "कंटाळा आलाय गं, परत यावंसं वाटतं," असं ती म्हणायची, आणि त्यातच तिच्या नवऱ्याला, शिरीषना, हॅमिल्टनजवळच्या 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात नोकरी लागली. म्हणजे हिची ऑकलंडमधली नोकरी सुटणार, मैत्रिणी सुटणार. मी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर कोथरूडच्या घरात एकटीच असते. पूर्वेकडची खोली मेधासाठी रंगवून घेऊन मी निघाले होते. ती परत यावी, असं मला फार वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला सामान हललं. मोठं सामान ट्रकमधून गेलं, पण झाड ट्रकवाल्यांच्या हाती द्यायला मेधा तयार होईना. शेवटी शिरीषनी एक व्हॅन भाड्याने आणली. झाड आडवं केलं, कुंडी मागच्या दाराशी आणि शेंडा पुढच्या बाकावर, मेधाच्या आणि माझ्या मधोमध. चौथा प्रवासी म्हणा ना! त्यामुळे गालाला पान लावून केलेला हा माझा एकमेव प्रवास.

इतक्या जवळून मी कुठलीच वनस्पती इतका वेळ पाहिली नव्हती. पान हातभर लांब, देठाकडे अरुंद, कमरेत आवळलेलं आणि टोकाकडे पसरट, अगदी व्हायोलिनच्या आकाराचं. पोत चामड्यासारखा, कडा लाटांसारख्या, मधली शीर पिवळसर आणि इतकी उठावदार की डोळे मिटूनही बोटाला सापडावी. शेंड्याचा कोंब तपकिरी, कागदी वेष्टनात गुंडाळलेला. ही उपपर्णं, नव्या पानाची दुपटी. रानात हे झाड चार मजले चढतं. त्याची फळं हिरवी, ठिपकेदार, लिंबाहून लहान, आणि उंबरासारखीच फुलं पोटात दडवलेली. त्यांच्यात परागकण पोचवणारी चिमुकली गांधीलमाशी त्याच रानातली, त्यामुळे परदेशात या झाडाच्या फळांत बी धरत नाही.

"ताई, लेक्चर झालं असेल तर चकली दे," मेधा म्हणाली.

ऑकलंडच्या टोकाचं पापाकुरा मागे पडलं आणि चढ लागला. या टेकड्यांचं नाव बॉम्बे हिल्स. मुंबईशी संबंध विचाराल तर म्हणे त्या नावाच्या जहाजातून आलेले लोक इथे वसले. आम्हाला दिसले ते कांद्याबटाट्यांचे मळे आणि तांबडी, मऊ माती. वळणावर कुंडी घरंगळली, मागे कडाड असा आवाज झाला आणि मेधा किंचाळली. पेट्रोलपंपावर थांबून पाहिलं तर खालची एक फांदी मोडली होती. जखमेतून पांढरा चीक टपटपत होता, आणि मागे ठेवलेल्या शिरीषच्या नव्या जॅकेटवर त्याचा नकाशा उमटला होता.

पंपावरच्या दुकानातली माओरी बाई बाहेर आली. "हिला थंडी वाजेल हं," ती इंग्रजीत म्हणाली, जणू आत कोणी लेकुरवाळी निजली होती. "पुढे वायकाटो भागात हीप्स फ्रॉस्ट (खूप हिमतुषार) पडतंय या आठवड्यात." आत जाऊन ती एक जुनी लोकरी शाल घेऊन आली. परत कशी करायची विचारलं तर हसून म्हणाली, "स्वीट ॲज (असू दे, काही बिघडत नाही)." आम्ही शेंडा शालीत गुंडाळला आणि तिथली मांसाची गरम 'पाय' (सारण भरून भाजलेली कचोरीच म्हणा) सोडून चीजची खाऊन निघालो.

टेकड्या उतरल्यावर धुकं लागलं. वायकाटो नदी रस्त्याला चिकटून चालली होती, पण दिसत नव्हती. दिसत होत्या फक्त काठावरच्या विलो झाडांच्या उघड्या काड्या. ते रापा जवळ आलं तसा धुक्यातून कारखान्याचा उंच, पांढरा मनोरा वर आला, वाफ सोडत. नवं घर त्यापासून फार लांब नव्हतं. पाठीमागे गाई चरत होत्या, समोर कुंपण आणि सगळीकडे शांतता. मेधा गाडीतून उतरलीच नाही बराच वेळ.

चार दिवसांत पानं गळायला लागली. असली झाडं जागा बदलली की रुसतात, हे मला माहीत होतं. पौर्णिमा आली. मेधाने जरीकाठी साडीवर लोकरी स्वेटर घातला, तबक घेतलं आणि झाडाभोवती फिरायला मागे जागा नाही म्हणून कुंडी खोलीच्या मधोमध ओढली. सूत गुंडाळता गुंडाळता ती मोठ्याने म्हणाली, "हे जगलं तर मी इथे राहीन. नाही जगलं तर ताईबरोबर पुण्याला जाईन. झालं."

"आणि मी?" शिरीषनी विचारलं.

"तुम्ही दूध तापवा."

मी हसले. पण ती थट्टा करत नव्हती, हे आम्हा दोघांनाही समजलं. शिरीष तबकातली केळी सोलत बसले.

दुसऱ्या दिवसापासून तिने झाडाची सेवा मांडली. कुंडी हीटरला लावून ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी. मायेने झाड मारायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. मुळं कुजतात, गरम वाऱ्याने पानं करपतात. माती चिकट झाली होती, तिला कुबट वास यायला लागला होता. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं आणि मी गप्प बसले. मनात पूर्वेकडची खोली होती. रोज सकाळी स्वतःला सांगायची, आपल्याला कोणी विचारलंय का? आणि रोज मेधा पाण्याचा तांब्या घेऊन जाताना चहाच्या कपात बघत बसायची. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

रविवारी शिरीष मला जवळच्या डोंगरावर रान दाखवायला घेऊन गेले. मेधा झाडाजवळ थांबली. रान दाट, ओलं, नेच्यांनी भरलेलं. एका जुन्या रिमूवर (इथला उंच सूचिपर्णी वृक्ष) राता नावाचं झाड चढलेलं पाहिलं. चढलेलं म्हणजे खरं तर उतरलेलं. त्याचं बी वाऱ्याने दुसऱ्याच्या खांद्यावर पडतं, तिथेच रुजतं, आणि मुळं हळूहळू खाली उतरत उतरत जमिनीला लागतात. मेधाचं झाडही त्याच्या रानात बहुधा असंच वाढतं. मी हे उत्साहाने सांगत होते, शिरीष ऐकत नव्हते.

गाडीपाशी परत आल्यावर मळलेले बूट ठेवायला त्यांनी गाडीची डिकी उघडली. आत पानं होती. हातभर लांब, व्हायोलिनसारखी, काही पिवळी, काही काळी पडलेली, एकावर एक नीट रचलेली.

"हे काय?"

ते ओशाळले. "दुपारच्या सुट्टीत घरी येतो मी. ती झोपलेली असते. गळालेली उचलून आणतो. केराच्या डब्यात टाकली तर तिला दिसतील ना." मग डिकीच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "ताई, तुम्ही आयुष्यभर हाच विषय शिकवलात. खरं सांगा, वाचेल का ते?"

मला फार लाज वाटली. "वाचेल," मी म्हणाले. "चला लवकर."

घरी पोचताच मी मेधाच्या हातून तांब्या काढून घेतला. "पाणी बंद. हीटरपासून लांब कर. उत्तरेच्या खिडकीत ठेव, या गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. आणि आता त्याला हलवायचं नाही." आम्ही तिघांनी ते कुंडीतून काढलं, कुजलेली मुळं कापली, कोरडी माती भरली. मेधा माझ्याकडे बघत होती.

"हे तुला आधीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू परत यावीस म्हणून. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने मातीच्या हातांनी माझा दंड धरला आणि रडली. मग उठून तिने चहा टाकला, तिघांचा.

जुलै धुक्यात गेला. पानं गळायची थांबली. शिरीष दुपारचे तरीही येत, आता रिकाम्या हाताने परत जात. मेधाने बॉम्बे हिल्सच्या बाईंना शाल धुऊन, बरोबर चिवड्याचा डबा देऊन परत केली, आणि हॅमिल्टनच्या एका नर्सरीत कामाची चौकशीही करून आली. माझ्या परतीच्या आठवड्यात शेंड्याचं तपकिरी वेष्टन फाटलं आणि त्यातून बोटभर, पोपटी, चकचकीत पान डोकावलं. मेधाने मला हाक मारली नाही, नुसती दार उघडून उभी राहिली. मी पाहिलं. मला आनंद झाला आणि पूर्वेकडची खोलीही आठवली, दोन्ही खरं.

विमानतळावर जाताना बूट स्वच्छ होते, या खेपेला मीच पुसले होते.

पुण्यात पोचून आता बरेच दिवस झाले. दर रविवारी मेधाचा फोन येतो. नव्या पानांची हकिगत असते, कामावरच्या गोष्टी असतात. मागच्या रविवारी बोलता बोलता तिने विचारलं, "ताई, माझ्यासाठी रंगवलेल्या त्या खोलीचं काय केलंस गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "उजेड चांगला येतो तिथे. सकाळचा चहा तिथेच घेते."