पाव्हण्यांच्या गाडीला किटलीचा सोडा

सगळ्यात आधी गाडीतनं उतरल्या त्या पोराच्या आई. काय ती नऊवारी! आजकाल कोण नेसतंय? तर बायांनो, माझ्या नातीला, राणीला, बघायला आज बावड्याहून आमच्या कन्हेरीत पाव्हणे आले.

पाव्हण्यांच्या पायावर पाणी घालायची आमची रीत. मंडळी चहाला बसली आन् मला वाटलं, गाडीबी पाव्हणीच की! चिखलानं भरलेली. दुधाच्या स्टीलच्या किटल्या ज्या धुण्याच्या सोड्यानं लख्ख करते, त्योच घेतला आन् गाडी घासली.

वाळल्यावर बघते तर काचंखालची चकचकीत पट्टी पांढरीफटक! राणीची सोयरीक माझ्याच हातानं मोडली म्हणायची.

रडतच सांगितलं. पोराचे वडील भायेर आले, पट्टीवर बोट फिरवलं आन् म्हणाले, "आजी, आमी सून बघाया आलोय, गाडी इकाया न्हाय."

पोरानं बारामतीच्या शकूरभाईंना फोन लावला. गाड्यांच्या पॉलिशचं दुकान हाय त्यांचं. आले, पट्टी साध्या पाण्यानं धुतली, बारीक कागदानं घासली, मग पॉलिश मारलं. पट्टीत माझं तोंड दिसाया लागलं! "आजी, पट्टी ॲल्युमिनियमची, सोडा तिला खातो. तो किटलीलाच ठेवा," म्हणाले. भलं होवो त्यांचं.

अशी मानसं मिळाली, आजून काय पायजे, सांगा बरं?

गुरुवारी सुपारी फोडायला येतो म्हणालेत. गाडी घरनंच धुऊन आणणार हायेत.