लग्नाच्या दिवशी काढलेली टेप

दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात कॉम्प्युटरपाशी बसणाऱ्या बाईंना सगळे टेपबाई म्हणत. रोज संध्याकाळी दिवसभराच्या पेशंटांची माहिती टेपवर उतरवायची आणि टेप कपाटात ठेवायची. यात बाईंचे केस पिकले, नोकरी मात्र कच्चीच राहिली. साहेबांनी सही केली तर आणखी एक वर्ष, नाहीतर घरी. घरी अंथरुणाला खिळलेला दादा, आणि पायताण काढायच्या आत "वन्सं, झाली का सही?" म्हणणारी वहिनी. या खेपेला साहेबांनी सही अडवून धरली होती.

अशात एका सकाळी मशीनची डिस्क गेली. बाईंनी नवी बसवली, पण मशीन उठेना. खिडकीपुढे रिपोर्टवाल्यांची रांग पार जिन्यापर्यंत.

साहेब धापा टाकत आले, मागोमाग हेडक्लार्क. साहेबांच्या तोंडचा शेवटचा शब्द झेलल्याशिवाय या गृहस्थांना श्वास घेता येत नसे.

"मी काय म्हणतो बाई, घाबरायचं कशाला? कपाटभर टेपा आहेत!"

"टेपा आहेत!"

"साहेब, त्यांच्यावर नुसती माहिती आहे. ही नवी डिस्क म्हणजे कोरी पाटी. आधी मशीनला उठवणारी टेप लागते. घरभर दाणागोटा आणि चूलच नाही, असं झालंय."

"मग ती टेप का नाही काढली?"

"नाही काढली?"

अशी टेप तयार करायला मशीन दिवसभर बंद ठेवावं लागे. विचारायला गेलं की साहेब म्हणत, "मशीन बंद? मी काय म्हणतो, दवाखान्यालाच टाळं ठोका ना!"

खिडकीतून एका म्हाताऱ्याने हात आत घातला. "पोरी, रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर म्हातारीला हात लावत नाहीत गं."

बाई उठल्या. कपाटाच्या तळातून एक टेप काढून त्यांनी यंत्रात सारली. मशीन खाकरलं, कुरकुरलं आणि पडद्यावर अक्षरं धावू लागली. मग माहितीच्या टेपा, एकामागून एक. दुपारी खिडकी सुरू झाली. म्हातारा रिपोर्ट छातीशी धरून धावत सुटला.

"मी काय म्हणत होतो!" साहेब खुलले. "पण ही टेप निघाली कधी?"

खोटं बोलायला बाईंची जीभ रेटेना. "तुमच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. अख्खा विभाग तिकडे होता, खिडकी बंद होती. म्हटलं, असा दिवस पुन्हा मिळायचा नाही."

साहेबांचे कान तांबडे झाले. "म्हणजे लग्नाला तेवढ्या तुम्हीच आला नाहीत. आणि वर माझ्या पाठीमागे मशीन बंद केलंत?"

"बंद केलंत!"

"अहो, नसतं केलं तर आज..."

"आजचं सोडा. परवानगी होती?"

"नव्हती."

"मग संपलं."

"संपलं," हेडक्लार्क म्हणाले. या वेळी जरा हळू.

तासाभराने ते एकटेच आले. झेलायला पुढे शब्द नव्हता, त्यामुळे चाचरत राहिले. "बाई, प्रिंटर चालतोय ना? ते... तुमचंच पत्र काढायचंय. मुदत वाढवत नाही, असं."

"चालतोय. कागद सरळ घाला, तिरका ओढतो."

त्यांनी घातला, तो तिरकाच गेला. साहेबांच्या सहीची जागा कागदाबाहेर. हेडक्लार्क तो चुरगळलेला कागद हातात धरून नुसतेच उभे राहिले.

"सरका," बाई म्हणाल्या. नवा कागद लावून, दोन्ही कडा बोटांनी धरून त्यांनी पत्र काढलं. सुबक निघालं.