सुट्टीच्या दिवशीची पाहणी

सदर व्यक्ती: पुरुष, वय वर्षे अठ्ठावन्न. हुद्दा: भूवापर निरीक्षक, नगररचना खाते, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. बांधकाम जुने परंतु टिकाऊ, पुढील बाजूस किंचित कललेले. छप्पर विरळ. दर्शनी भागावर चष्मा. नोंदीतील वापर: सकाळी साडेदहा ते सायंकाळी साडेपाच कार्यालयीन, उर्वरित वेळी निवासी. अतिक्रमण: नाही. मतप्रदर्शन: आढळून आले नाही.

खात्यात त्याला सगळे रंगारी म्हणत. त्याचं काम शहर रंगवण्याचंच होतं, फक्त भिंतींना हात न लावता. हातात पाटी, पाटीला अडकवलेले तक्ते, कानावर पेन्सिल अशा थाटात तो एकेका दारासमोर उभा राही, दारामागे काय चालतं ते लिहून घेई आणि कचेरीत परतल्यावर नकाशावरचा तेवढा चौकोन रंगवी. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल, आणि ज्या जागेचा कोणाला काही उपयोगच नाही ती करडी. "अख्खं शहर रंगवून झालं यांचं," बायको म्हणे, "पण घरातली एक खिडकी रंगवा म्हटलं की कंबर धरते."

या कामाचा एक कडक नियम होता. जे डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, कोणाला काही विचारायचं नाही. नियम मूर्खपणाचा नव्हता. पाटीवाला माणूस दारात दिसला की लोकांना आधी कर आठवतो. पिठाच्या गिरणीचा मालक भुवयांपर्यंत पांढरा होऊन सांगतो, की छे हो, इथे आम्ही नुसते राहतो. म्हणून विचारणं बंद. डोळे खोटं बोलत नाहीत असं खात्याचं मत होतं आणि रंगाऱ्याचंही तेच होतं.

त्याचा थोरला भाऊ पितळकामाच्या एका गल्लीत लेथ चालवायचा. वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता आणि हा सहा. दोघांपैकी एकालाच शिकता येईल असं दिसल्यावर दादानं स्वतःची वह्या-पुस्तकं धाकट्याच्या कपाटात ठेवली आणि तो लेथवर उभा राहिला. या गोष्टीचा उल्लेख घरात कोणी कधी केला नाही. दादाला तर ती आठवतही नसावी. त्याला पितळाखेरीज फारसं काही आठवत नसे.

ती गल्ली म्हणजे एक्केचाळीस शटरं. दाराच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या, असा तिचा सगळा माल. एक माणूस साच्यात पितळ ओतायचा, त्याच्या शेजारचा कडा घासायचा, तिसरा दादा, जो ती मूठ लेथवर धरून गोल करायचा, समोरचा भोकं पाडायचा, कोपऱ्यावरचा पॉलिश मारायचा. सकाळी ओतलेली मूठ दुपारच्या चहापर्यंत कागदात गुंडाळून तयार. इतक्या वेळात ती गल्लीच्या बाहेर पडत नसे. कुणाचं कुणाशी लेखी काही नव्हतं. भोक वाकडं पडलं की पलीकडच्या शटरमधून आई-बापाचा उद्धार व्हायचा, आणि पुढचं भोक सरळ पडायचं. अशा व्यवस्थेला अर्थशास्त्रात मोठं नाव आहे म्हणतात. गल्लीत ते कोणाला माहीत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी शहराचा नवा विकास आराखडा करायचं ठरलं. शहराची भरभराट व्हायची असेल तर आधी कुठली जागा वाया जाते आहे ते कळलं पाहिजे, असं वरून सांगण्यात आलं, आणि पाहणीला निघालेल्यांमध्ये रंगाऱ्याच्या वाट्याला जे विभाग आले त्यांत दादाची गल्ली होती. दिवसाला तीनशे दारं उरकायची होती. कुठल्या दिवशी कुठली गल्ली करायची, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

रंगाऱ्यानं दादाची गल्ली तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवली.

कारण साधं होतं. एरवी दादाला मान वर करायला सवड नसे. गेलं तरी लेथच्या घरघरीत ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दादा शटरच्या वरच्या खोलीत बनियनवर बसलेला असे आणि वहिनी गरम जेवण वाढत असे. कामही होईल आणि दादाशी दोन घटका बसणंही होईल, असा हिशेब. आयुष्यात त्यानं सरकारी वेळेतून घरासाठी चोरलेली ती एकुलती एक दुपार.

एक्केचाळीस शटरं वीस मिनिटांत झाली. तक्त्यावर प्रत्येक दारासाठी तीन शब्द छापलेले होते: चालू, बंद, पडीक. त्यानं एक्केचाळीस वेळा 'बंद'वर खूण केली आणि तो जिना चढला.

"या भाऊजी," वहिनी म्हणाली. "आज पाटी घेऊन? दारावर जप्ती आणलीत की काय?"

"धाकट्या, माझ्या दाराला कुठला रंग दिलास रे?" दादानं विचारलं.

"आज नुसतं 'बंद' लिहिलंय."

"बंदच आहे की!" दादा हसला. "बस. हात धू."

पुन्हा एकदा कामाच्या दिवशी येऊन खुणा बदलायच्या, असं त्याच्या मनात होतं. पण महिनाअखेरीला पाहणी आठ दिवस आधी आटपायचा हुकूम निघाला आणि ते राहून गेलं. आठ महिन्यांनी तक्ते रंगवायला आले तेव्हा त्यांवर गल्ल्यांची नावं नव्हती, आकडे होते. सलग दहाहून जास्त दारं बंद असतील तर तो पट्टा 'वापरात नाही' समजून करडा करावा, अशी सूचना होती. एका सकाळी त्यानं एक्केचाळीस चौकोन करडे केले. रंग कुठे रेषेबाहेर गेला नाही. त्या सकाळी त्याला स्वतःच्या हाताचं कौतुकही वाटलं असेल, कारण करडा रंग फार डाग पाडतो.

मग सल्लागार आले. त्यांनी जवळजवळचे करडे पट्टे जोडले आणि त्यावर 'आर्थिक वृद्धी केंद्र' असं लिहिलं. कंपन्यांची कार्यालयं, एक परिषदगृह, खाली गाड्या लावायला तीन मजले.

आराखडा लोकांना पाहायला टांगला तेव्हा गल्लीतले सातआठ जण नवे कपडे घालून आले. त्यांना काळजी नव्हती. पॉलिशवाला तर मोठ्यानं म्हणाला, "आपला माणूस आत बसलाय. आपल्याला फार तर रस्ता रुंद करून देतील."

"धाकट्या, आपली गल्ली कुठं आहे यात?" दादानं विचारलं.

रंगाऱ्यानं बोट ठेवलं. बोटाखाली केंद्राच्या लाल रेघांची जाळी होती. त्यानं कोपऱ्यातला आकडा वाचला, आणि मग तो आकडा त्याला ओळखीचा वाटला. दादा काहीतरी विचारत होता. रंगाऱ्याला फक्त दादाच्या बोटांतला पितळाचा वास येत होता.

हरकती ऐकायला ज्या अधिकारी बाई बसल्या होत्या त्या सभ्य होत्या. त्यांनी दादाला खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण बोलू दिलं. दादानं खिशातून एक मूठ काढून टेबलावर ठेवली आणि ती कोणकोणत्या दारातून जाते ते सांगितलं. "यातलं एक दार काढलंत ना मॅडम, तर उरलेली चाळीस नुसती शटरं."

बाईंनी मूठ हातात घेऊन पाहिली. "सुंदर आहे. पण नोंदीप्रमाणे या भागात काहीच चालत नाही."

"काही चालत नाही? मग आम्ही तिथं काय माशा मारतो?" पॉलिशवाला उसळला. "कुणी केली ही नोंद? त्याला आणा की समोर!"

मागच्या रांगेत रंगारी उभा राहिला. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तो रजेवर जाऊ शकला असता, आजारी पडू शकला असता. खात्यात तशी पद्धत होती.

"मी केली," तो म्हणाला. "त्या दिवशी गल्लीची सुट्टी होती, मॅडम. रोज तिथं काम चालतं. मला माहीत होतं."

दादानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही चुकीची नोंद केलीत?" बाईंनी विचारलं.

"हो."

बाईंनी तक्ता काढला. "ही सही तुमचीच?"

"हो."

"त्या दिवशी, त्या वेळी, शटरं बंद होती?"

"होती."

"एखादं तरी उघडं होतं?"

"नाही."

"मग नोंद चुकीची कशी?" बाईंनी अगदी समजावून विचारलं. "नियम काय आहे? दिसेल ते लिहायचं. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलंत. चुकीची नोंद मला दुरुस्त करता येते. बरोबर असलेली कशी दुरुस्त करू?"

या प्रश्नाला खात्यात आजवर उत्तर सापडलेलं नाही.

जिना उतरताना पॉलिशवाला म्हणाला, "घरचाच निघाला." बाकीचे पुढे गेले. दादा खालच्या पायरीवर थांबला.

"त्या दिवशी तू जेवायला आला होतास की मोजायला?"

"जेवायला, दादा."

"मग मोजायचं नव्हतंस," दादा म्हणाला, आणि बस पकडायला गेला.

गल्लीवाल्यांवर अन्याय झाला असं कागदोपत्री म्हणता येणार नाही. प्रत्येकाला बदली जागा मिळाली, तीही धंद्याच्या वर्गवारीनुसार. ओतकाम धोकादायक म्हणून उत्तरेला नदीपलीकडे, पॉलिश धुळीचं म्हणून पूर्वेला, लेथ निरुपद्रवी म्हणून दक्षिणेला, एकोणीस किलोमीटरवर. प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा मोठी, हवेशीर, आणि नकाशावर जांभळी होती. मूठ तयार व्हायला आता पाच दिवस आणि तीन टेंपो लागू लागले. भोक वाकडं पडलं तर शिव्या द्यायला फोन करावा लागे, आणि फोनवर शिव्यांना धार राहत नाही. पहिल्या वर्षी ओतकामवाल्यानं गाशा गुंडाळला. दुसऱ्या वर्षी दादाकडे लेथ होता, धरायला मूठ नव्हती. तो रोज बस बदलून जायचा, यंत्राला तेल द्यायचा आणि परत यायचा. तिसऱ्या वर्षी लेथ विकला.

रंगारी सुट्टीच्या दिवशी दादाच्या नव्या बिऱ्हाडी जातच राहिला. वहिनी वाढायची. दादा जेवायचा, हवापाण्याचं बोलायचा, "बायको बरी आहे ना?" असं विचारायचा. त्या विषयावर एक शब्द नाही. एकदा न राहवून रंगारी म्हणाला, "दादा, एकदा शिव्या तरी घाल."

"तुला? तुला कशाला?" दादा म्हणाला. "घे, भात घे." आणि उठून गॅलरीत गेला.

शहराचं उत्पन्न वाढलं, हे खोटं नाही. केंद्र उभं राहिलं, काचा चमकू लागल्या, दहा हजार लोक तिथं रोज कामाला जातात आणि त्यांतले बरेचसे सुखी दिसतात. पाहुणे आले की त्यांना ते दाखवायला नेतात. पाहुणे परिषदगृहाचं दार ढकलून आत जातात. दाराची मूठ स्टीलची आहे, बाहेरून मागवलेली.

रंगाऱ्यानं मात्र एक गोष्ट केली. सलग चार वर्षं त्यानं अर्ज केले, की तक्त्यात 'साप्ताहिक सुट्टी' असा चौथा शब्द छापावा. तीन अर्ज गहाळ झाले, चौथा मंजूर झाला. तो ही बातमी सांगायला दादाकडे गेला. दादानं नीट ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या कामी येईल."

गेल्या महिन्यात रंगारी निवृत्त झाला. खात्यानं निरोप समारंभ केला आणि मानपत्र वाचलं. सदर कर्मचाऱ्याच्या छत्तीस वर्षांच्या सेवेत एकही चुकीची नोंद आढळलेली नाही. पाहणी तक्त्यातील त्यांची सुधारणा खात्यास कायम मार्गदर्शक ठरेल. शहराच्या आर्थिक वृद्धीतील त्यांचा वाटा खाते कृतज्ञतापूर्वक नमूद करीत आहे.

समारंभाचं बोलावणं त्यानं दादाला घरी जाऊन केलं होतं. वहिनी एकटीच आली.