गोळीच्या खेळाचा सातवा नियम

रविवार, पोळ्यानंतरचा, साल एकोणीसशे एकोणसाठ. जागा — भिलाई, माझं क्वार्टर, पुढची खोली. हजर: मी, कारखान्याच्या भांडारातला कारकून. शेजारचे नारायणराव, वयाने सगळ्यांत मोठे. देवाजी, फिटर. चहापाण्याला माझी बायको सुमन.

ही हजेरी मी तेव्हाच वहीत लिहिली. पुढे काय झालं ते लिहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही — सुमनलाही नाही, आणि ती तर तिथेच उभी होती.

आधी खेळाचं सांगतो. साहेब लोकांच्या क्लबात पिनबॉलचं यंत्र होतं. स्प्रिंग ओढली की लोखंडी गोळी वर जाते, खिळ्यांवर आपटत, घंटा वाजवत खाली येते, आणि तळाच्या भोकात पडायच्या आत दोन पात्यांनी तिला परत उडवायची. आम्हाला तिथे कोण जाऊ देणार? पण स्प्रिंग तुटली तेव्हा देवाजीला दुरुस्तीला नेलं, आणि त्याने येऊन मला सगळं कागदावर काढून दाखवलं. 'यंत्र नाही तं नाही, भाऊ. कार्डावर खेळू.' — हे डोकं त्याचं. खोक्याच्या फळीवर त्याने घरं आखली. भांडारातली रद्द कार्डं मी आणली. त्यांच्या कोऱ्या पाठीवर खिळा, घंटा, पातं अशी चित्रं काढून त्याने नंबर टाकले. कार्ड पडेल तशी गोळी सरकवायची. आणि सगळ्यांत छान म्हणजे, दुसऱ्याची गोळी भोकात पडत असेल तर आपल्या हातातलं पातं त्याला देऊन वाचवता यायचं. नियम लिहायचं काम माझं. अक्षर चांगलं, आणि याद्या करायची सवय.

सहा नियम झाले. खेळ बसला. मग सातवा का लिहिला?

देवाजी बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातला, मी कुणब्याच्या. आमच्याकडे त्याला वेगळा कप नव्हता — हे मी चार लोकांत अभिमानाने सांगत असे. पण कप धुतला जातो. कार्ड धुता येत नाही. कार्डं वाटताना देवाजी अंगठा जिभेला लावायचा, आणि मी ते कार्ड दोन बोटांनी कडेला धरून उचलायचो. अंगठा कोण लावत नाही? मीही लावतो. नारायणराव तर तंबाखूने पिवळा झालेला अंगठा लावायचे, कार्डांवर डाग पडायचे. ती कार्डं मी कधी अशी धरली नाहीत. एकदाही नाही.

म्हणून सातवा नियम — कार्डांना वाटणाऱ्यानेच हात लावावा, बाकीच्यांनी समोर उघड्या वाटलेल्या आपल्या कार्डांचा नंबर सांगावा. वाटणारा यजमान, तो नसल्यास वयाने मोठा. किती सरळ दिसतो, नाही? त्यात कुणाचंच नाव नाही.

नारायणराव खूश. 'तुले तं तहसीलदारच कराले पायजे होतं, लेका! काय नियम काढते!'

देवाजीने कागद दोनदा वाचला. 'हा नियम खेळाचा हाय का, भाऊ, का माह्यासाठी हाय?'

'कार्डं मळतात रे,' मी म्हणालो. त्याच्याकडे न बघता.

त्यानंतरचे दोन रविवार तो आला. हात मांडीवर ठेवून बसायचा आणि नंबर सांगायचा. स्वतःच काढलेल्या चित्रांचे नंबर.

आणि मग तो रविवार, वहीतल्या हजेरीचा. माझी गोळी भोकाशी आली होती. देवाजीजवळ पातं होतं. खेळाच्या भरात विसरला बिचारा — चटकन उचलून त्याने ते माझ्या हातात दिलं. 'घ्या भाऊ, वाचले!' हसत होता.

मी ते कार्ड धोतराला पुसलं.

विचार करून नाही — हात आपोआप गेला. आणि हेच जास्त घाण आहे, नाही का? तेवढ्यात नारायणरावांनीही नियम विसरून, अंगठा चाटून पुढचं कार्ड काढून मला दिलं. ते मी नाही पुसलं. देवाजीने दोन्ही पाहिलं. उठला. 'चाय राहू द्या, वहिनी,' एवढंच म्हणाला. सुमन कप घेऊन दारात उभी राहिली.

नंतर कुणी विचारलं, की तो का येत नाही? मी सांगितलं — त्याला हरणं सोसत नाही. मला वाचवायला पातं देणाऱ्या माणसाबद्दल हे सांगितलं. लोक हसले. मीही हसलो.

खेळ पसरला. क्वार्टरा-क्वार्टरांतून नकला झाल्या, पावर हाउसच्या वस्तीपर्यंत गेल्या. प्रत्येक नकलेत सातवा नियम, आणि खाली माझं नाव. मी खोडलं नाही. आज दुसऱ्याच्या घरी पोरं हात मांडीवर ठेवून नंबर सांगताना दिसली की मला माझीच शिसारी येते. पण तोंड उघडतो का? नाही. चहा पितो आणि घरी येतो.

देवाजी आता उतईला राहतो. सायकलने जाता येतं. याद्या मी रोज करतो, आणि राहिलेलं काम दुसऱ्या दिवसाच्या यादीत उतरवतो; नऊ वर्षं एक काम उतरवत आलो आहे.

आजची यादी. घासलेट — आणलं. चक्कीवरून पीठ — आणलं. सायकलचा ब्रेक — झाला. उतईला जाणे, देवाजीसमोर सातवा नियम खोडणे, माझं नाव काढून त्याचं लिहिणे —