चौथी खुर्ची आणि चिकाचा हलवा

नव्याचा सण, म्हणजे ज्यूंचा वर्षारंभ, सोमवारी संध्याकाळी लागणार होता, म्हणून हसकेल बिरवाडकरांनी बुधवारी सकाळी गहू भिजत घातले. हिशेब त्यांनी एसटीच्या वेळापत्रकासारखा उलटा मांडला होता. सोमवारी हलवा शिजवायचा. त्यासाठी रविवारी चीक निवळत ठेवायचा, शनिवारी गहू वाटायचे, आणि त्याआधी तीन दिवस ते पाण्यात. महाड आगारात चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला एवढं जमायला हवं होतं. जमलंही. फक्त मधे शनिवार येतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बेने इस्राएल माणसाने शनिवार विसरावा, हे जरा नवलच. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडून ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. पण घरात शुक्रवारचा दिवा लावायची ती सिप्पोरा, आणि सिप्पोरा फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून हसकेलकाकांचे सगळे वार सारखेच झाले होते. महाडात त्यांच्या जातीचं दुसरं घर उरलं नव्हतं. आठवण करून देणार कोण?

वार ओळखू यायचा तो एकच, गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी पाचला सिप्पोराच्या टॅबवर तीन चेहरे उगवायचे. इस्रायलमधून, अश्दोदहून तिची थोरली बहीण लेया, लोदहून धाकटी दिना, आणि ठाण्याहून फ्लोरा, नर्सिंगच्या दिवसांतली मैत्रीण. सिप्पोरा धरून या चौघी माजाँग खेळत. सिप्पोरा तरुणपणी मुंबईला नौदलाच्या इस्पितळात होती, तिथे अधिकाऱ्यांच्या बायकांकडून ती हा चिनी खेळ शिकली आणि मग बहिणींना तिनेच शिकवला. पुराच्या वर्षी पाणी घरात शिरलं, तेव्हा तिने माळ्यावर आधी नेली ती सोंगट्यांची पेटी. मिक्सर वाहून गेला तरी चालेल म्हणाली.

माजाँगला चार माणसं लागतात. सिप्पोरा गेल्यावर महिन्याभराने लेया म्हणाली, "भाऊजी, तिच्या जागेवर तुम्ही बसा. खुर्ची रिकामी बघवत नाही." हसकेलकाका बसले. पण खेळ त्यांना येत नव्हता, आणि येत नाही हे सांगायचीही त्यांना लाज वाटायची. आयुष्यभर हा माणूस मोठ्याने बोलला तो फक्त आगाराच्या माइकवर, तेही पोलादपूर, उमरठ, शिवथर अशी नावं घेण्यापुरतं.

खेळ म्हटला तर सोपा. ड्रॅगन, बांबू, चकत्या अशी चित्रं असलेल्या चौदा सोंगट्या, त्यांचे सारख्या किंवा ओळीने येणाऱ्या तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी. आपल्या पाळीला एक उचलायची, एक टाकायची. दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीने आपला गट किंवा डाव पुरा होत असेल तर पडद्यावर पिवळं बटण येतं, ते पाच सेकंदांत दाबायचं. काकांचा डाव पुरा व्हायचाच नाही. सिप्पोराला ड्रॅगन आवडायचे म्हणून हेही ड्रॅगन धरून बसायचे. मे महिन्यात एकदा डाव खरोखर पुरा झाला. पिवळं बटण आलं. आपण चुकत तर नाही ना, म्हणून त्यांनी गट एकदा मोजले, दोनदा मोजले, आणि तिसऱ्यांदा मोजेपर्यंत बटण गेलं. तिघी हसल्या. हेही हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

ऑगस्टअखेर लेयाने आडपडदा न ठेवता सांगितलं. "राग मानू नका भाऊजी. तुमच्यासाठी थांबून थांबून आमचा चहा गार होतो. माझी शेजारीण रूथ कधीची मागे लागलीय. सणाच्या आदल्या रविवारी खेळू. एक, नुसता एक डाव पुरा करा, मग खुर्ची तुमची. नाही झाला तर रूथला बसवते. तुम्ही आपले बघायला या."

बघायला येणं म्हणजे काय, हे काकांना कळत होतं. एकदा येतील, दोनदा येतील, तिसऱ्या गुरुवारी टॅब उघडणारच नाहीत. मग गुरुवारही बुधवारासारखा होईल.

मग त्यांनी सराव मांडला. सिप्पोराच्या खऱ्या सोंगट्या टेबलावर काढल्या, चार बाजूंना चार खुर्च्या ठेवल्या आणि ते एकटेच खेळू लागले. एका खुर्चीवरून उठायचं, दुसरीवर बसायचं, सोंगटी टाकायची, पुन्हा उठायचं. गुडघे दुखायला लागले. त्यात चौघांचे हात स्वतःच पाहिलेले, त्यामुळे कोणाकडे काय आहे ते ठाऊक. जिंकलं तरी आनंद नाही, हरलं तरी दुःख नाही. पण आठवड्याभराने त्यांना एक गोष्ट उमगली. प्रत्येक सोंगटी चारदाच असते. कुठली किती वेळा टाकली गेली हे त्यांना न लिहिता लक्षात राहायचं, जसं कुठली गाडी सुटली आणि कुठली यायचीय हे राहायचं. तीन सुटल्या असतील तर चौथीची वाट बघत फलाटावर बसण्यात अर्थ नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी नव्हतंही.

शनिवारी सकाळी त्यांनी गहू उपसून मिक्सरच्या भांड्यात घातले, झाकण लावलं, बटणावर बोट ठेवलं, आणि समोरचं कॅलेंडर दिसलं.

घरात कोणी नव्हतं. मिक्सरचा आवाज ऐकून महाडात कोणी म्हणणार नव्हतं की बिरवाडकरांनी शब्बाथ मोडला. तरी काकांनी कॅलेंडर पुन्हा एकदा बघितलं. मग बोट काढलं, गहू पुन्हा पाण्यात ओतले आणि चांदण्या उगवल्या की शब्बाथ संपतो, म्हणून त्यांची वाट बघत ओटीवर बसून राहिले. आभाळ भरलेलं, चांदणी कसली दिसतेय! दिवेलागणीला उठले तर वीज गेली, ती सकाळीच आली.

रविवारी झाकण काढलं तर ताडीसारखा वास. गहू पार आंबले होते, हलव्याच्या कामाचे उरले नव्हते.

तेवढ्यात प्रयागबाई आली. उमरठची ही बाई दर रविवारी पहिल्या एसटीने भाजी घेऊन महाडला यायची आणि पाटी आधी या ओटीवर टेकवायची. वास घेत ती थेट आत आली.

"काका, यंदा बी ठेवलेत व्हय माज्यासाठी?"

"काय?"

"हे गहू. बाई द्यायच्याच की दरवर्षी."

"दरवर्षी?" काकांना कळेना. "अगं, याचा हलवा करायची ती."

प्रयागबाईने जीभ चावली. पण सुटलेला शब्द तो सुटलाच. "आता काय लपवायचं! मानूस गेलं. तुमी नारलाला पोलादपूरला गेलात, का बाई मला हाक मारायच्या. गहू माज्या पाटीत. मी ऊन पडलं तर कुरडया करायची, नाय तर म्हशीला."

"आणि हलवा?"

"त्या वरच्या पिवल्या डब्यातल्या पिठाचा. हां हां म्हनेपर्यंत व्हायचा. मग बाई बसायच्या फोन घेऊन खेलत. तुमची गाडी येईपर्यंत." ती हसली. "तुमाला कदी वाटलं नाय गो बया, नारल काय महाडात मिलत नायत?"

वाटलं नव्हतं. 'नारळ पोलादपूरचेच हवेत' असं सिप्पोराने म्हटलं की हे पिशवी घेऊन निघायचे. परत आल्यावर ताटात गुलाबी हलवा थापलेला असायचा. 'तीन दिवसांची मेहनत हो,' असं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत वाटायचे. सिप्पोरा मान खाली घालून वड्या पाडायची. दमली असेल, असं यांना वाटायचं.

प्रयागबाई गहू घेऊन गेली. काकांनी वरचा डबा काढला. त्यात अर्धा भरलेला कॉर्नफ्लॉवर, चायना ग्रासची पुडी, आणि नारळाच्या दुधाचा एक खोका. मुदत अजून संपली नव्हती. पुढच्या सणाची तयारी तिने करून ठेवली होती. ते डबा मांडीवर घेऊन बसले. रागवावंसं वाटत होतं, पण रागवायचं कोणावर? आणि तिने हे सांगितलं का नसेल, या प्रश्नाचं उत्तर त्यांना डब्यापेक्षा जड वाटलं. आपण तिला कधी विचारलंच नव्हतं, की तुला दुपारी एकटीला काय करावंसं वाटतं.

पाच वाजता त्यांनी टॅब शेगडीशेजारी डब्याला टेकवून उभा केला. हलवा सोमवारी करता आला असता. पण हात रिकामे ठेवून त्या तिघींसमोर बसायचं त्यांना धाडस होईना.

"काय हो भाऊजी, स्वयंपाकघरात?" दिना म्हणाली. आणि मग लेयाचा आवाज आला, "अगं बाई! पिवळा डबा! सापडला का शेवटी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"फ्लोरानेच शिकवलं होतं तिला," लेया म्हणाली. "तुम्ही चिकाची इतकी तारीफ करायचात, की तिला सांगायची चोरी."

पातेल्यात दूध, साखर, पीठ एकत्र करून काकांनी आच लावली आणि डाव सुरू झाला.

पहिले दोन डाव फ्लोराने घेतले. तिसरा लेयाने. "शेवटचा हं," लेया म्हणाली. "मला सणाचं करायचंय."

हातात दोन हिरवे ड्रॅगन आले. काकांनी ते धरून ठेवले आणि डावा हात ढवळत राहिला. थोड्या वेळाने दिनाने एक हिरवा ड्रॅगन टाकला, पण त्याच क्षणी पीठ तळाला लागल्याचा वास आला. काका पातेल्याकडे वळले आणि संधी गेली. पुढच्या फेरीत लेयाने चौथा टाकला. पातेलं खरवडण्यात तोही हुकला. दोन सुटल्या, दोन आपल्याकडे. आता या फलाटावर गाडी येणार नव्हती. काकांनी एक ड्रॅगन टाकला.

"भाऊजी, ड्रॅगन टाकलात?" दिना ओरडली. "सिपूने कधी टाकला नसता!"

पुढच्या पाळीला त्यांनी दुसराही टाकला. हळूहळू तीन गट लागले, चकत्यांची एक जोडी जमली. पाच-सहाच्या बांबूला चार किंवा सात हवा होता. पातेल्यात हलवा दाटायला लागला होता. कडा सुटत होत्या. हात थांबला असता तर गुठळ्या. आणि फ्लोराने बांबूचा सत्ता टाकला.

पिवळं बटण आलं.

गट मोजायला सवड नव्हती. हलवा उलथण्याला ओढत होता. काकांनी उजव्या हाताने, पीठ लागलेल्या बोटाने, बटण दाबलं.

पडद्यावर त्यांच्या सोंगट्या सगळ्यांसमोर उघडल्या. मग लेया म्हणाली, "कसला भिकार डाव हा! असला डाव मी सहा महिन्यांत पाहिला नाही."

"पण पुरा आहे ना?" काकांनी विचारलं.

"पुरा आहे. गुरुवारी पाच वाजता. चहा आमच्याआधी घेऊन बसा." तिच्या मागे कोणीतरी दार वाजवलं. "आले गं रूथ!" ती म्हणाली आणि पडदा काळा झाला. मग दिनाचा, मग फ्लोराचा.

सोमवारी संध्याकाळी काकांनी दिवा लावला. हलव्याच्या वड्या पाडल्या. सवयीने छत्तीस पडल्या. प्रयागबाईसाठी दहा काढल्या, दहा शेजारच्या घरी दिल्या. 'तीन दिवसांची मेहनत' असं तोंडावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग टेबलाशी येऊन बसले. सरावाच्या चार खुर्च्या अजून तशाच होत्या. सणाची प्रार्थना त्यांनी हळूच म्हटली, आणि मग पुन्हा एकदा मोठ्याने, माइकवर म्हणावी तशी.

एक वडी तोंडात घातली. तळाला किंचित लागल्याचा वास येत होता. बाकी चव तीच होती, दरवर्षीची.