ताटाभोवतीच्या सह्या

लेकीकडे डब्लिनला, ओंगार नावाच्या उपनगरात राहायला आलो की मूर्खपणाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. जेवताना आपोआप ताटात पडतात. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यातले हे थोडे.

पल्लवी, माझी पोरगी, इथल्या एका युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची पीएचडी करते. करते म्हणजे काय, तर पोरांना प्रॅक्टिकल शिकवते, पेपर तपासते, प्रोफेसराच्या बाटल्या धुते. एकदा हातावर ॲसिड उडालं. अपघाताचा फॉर्म भरला, तो परत! "हा कामगारांसाठी आहे. तुम्ही विद्यार्थी."

*

पुढे तापाने दोन दिवस गेली नाही. लगेच मेल, "रजा का टाकली नाही?" हिने विचारलं, मला रजा किती? उत्तर आलं, "विद्यार्थ्यांना रजा नसते."

मी चौथी नापास. पण हा कायदा मला पहिलीतसुद्धा पटला नसता!

*

शेवटी पोरांनी अर्ज लिहिला. आम्हाला कामगार म्हणा, आमच्या युनियनशी बोला. प्रोफेसराला कुणकुण लागली. हसून म्हणाला, "पल्लवी, आपण सगळे एक फॅमिली आहोत."

आमच्या पिंपरीच्या कारखान्याचा मॅनेजरही हेच म्हणाला होता. गेटला टाळं ठोकायच्या आदल्या दिवशी!

*

तिच्याच लॅबमधला पुण्याचा केदार. भाषण असं ठोकतो की वाटावं, आत्ता मोर्चा निघतोय. अर्ज पुढे केला की, "काका, मी आहेच हो. फक्त पहिली सही दुसऱ्या कुणाची तरी होऊ दे."

पल्लवी धरून पाच जण, आणि प्रत्येकाला पहिला दुसराच हवा!

पल्लवीचं मात्र खरंच अडलेलं. व्हिसा संपत आलेला, त्याचं पत्र प्रोफेसर देणार. हिचं नाव पहिलं दिसलं तर पत्र कसलं मिळतंय!

*

"कारखान्यात आम्ही गोल सह्या करायचो," मी म्हणालो. अर्जावर ताट उपडं घातलं, भोवती पेन्सिल फिरवली. "करा या रेघेवर. पहिला कोण ते बापालाही कळायचं नाही."

रविवारी सकाळी बाकीचे चौघे घरी आले आणि पाचही जणांनी सह्या केल्या. तिघे निघून गेल्यावर मी कागद बघितला आणि कपाळ बडवलं. प्रत्येक सहीखाली तारीख आणि वेळ!

"काका, लॅबच्या वहीत अशीच सही करतात," केदार म्हणाला. "हाताला सवय."

एवढं शिकून ही अक्कल! सगळ्यात आधीची वेळ १०:४०, पल्लवीची. शेवटची १०:५२, या शूरवीराची.

"मग खोडा की ते!"

"तसं खोडत नाहीत, बाबा," पल्लवी म्हणाली. "एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं. राहू दे. उद्या सकाळी असाच देते."

केदारने कागद पुढे ओढला. मग पेन उचललं. आपल्या १०:५२ वर एक रेघ मारली, वर लिहिलं १०:३९.

शेजारी कारण लिहिलं, "घड्याळ पुढे होतं."