नळाखालची ताटली

पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, मग बघा आयुष्य कसं बदलतं, असं मोबाईलमधला तो कोरीव दाढीचा माणूस सांगायचा, तेव्हा त्याला उचलून दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत आणून ठेवावंसं मला वाटायचं. उठायचं काय कौतुक? आमची अख्खी चाळ पहाटे उठलेली असायची. अंघोळीचं नंतर बघू, आधी पाणी दाखव म्हणावं.

दिव्यात पाणी कधी येईल याचा नेम नसे. म्हणून रात्री झोपताना नळ उघडा सोडायचा आणि खाली स्टीलची ताटली ठेवायची. पहिला थेंब पडला की ताटली वाजते आणि घर उठतं. मी त्याच्याही आधी उठून मोरीच्या उंबऱ्याशी बसायचे, पालथ्या बादलीवर पुस्तक ठेवून. ऑफिसातल्या बढतीच्या परीक्षेचं पुस्तक. रजेचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम, पेन्शनचे नियम. वाचन रंगात यायचं आणि ताटली वाजायची. मग पुस्तक मिटून कळशी घेऊन पळा. परीक्षेत नापास झाले की मी सगळं खापर पाण्यावर फोडायचे.

आता शेवटची संधी उरली होती. ही गेली की निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर बसायचं, आणि जिला मी फायली लावायला शिकवलं ती मुलगी माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार. मुलगी चांगली आहे. त्यामुळे तर जास्तच झोंबत होतं.

तेवढ्यात आम्ही चाळ सोडून पुढच्याच स्टेशनला, कोपरला राहायला आलो. फ्लॅट भाड्याचाच, पण वर टाकी आणि नळ फिरवला की पाणी. नवऱ्याने खिडकीशी टेबल-खुर्ची मांडून दिली. पहाट माझी, शांतता माझी. आता सबब कसली सांगणार?

आणि माझं बूड काही त्या खुर्चीला टेकेना. दोन ओळी वाचल्या की उठायचं, पायपुसणं सरळ करायचं. पुन्हा बसायचं, पुन्हा उठून गॅसची शेगडी पुसायची. मी मोबाईलमधल्या दाढीवाल्याला शरण गेले. डोळे मिटून श्वास मोजायला बसले तर ऑफिसातली भांडणं आठवली. फोनला हात लावला की सुकून जाणारं झाड फोनमध्ये लावलं, तर माझी अख्खी वाडीच सुकली. आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकते’ म्हणायचं होतं. तेही म्हटलं. आरशातली बाई म्हणाली, मग कर की! परीक्षा जवळ येत होती आणि मी घरभर फिरत होते.

त्यात सासूबाई. कोपरलाही त्या रोज सकाळी कालचं शिळं पाणी झाडांना घालायच्या आणि सगळं ताजं भरून ठेवायच्या. कळशी, हंडा, पिंप, अगदी कुकरसुद्धा. एकदा माझी सटकलीच.

“आई, इथे चोवीस तास पाणी आहे. कशाला भरत बसता?”

“असू दे. भरलेलं बरं.”

“अहो पण नळ आहे ना!”

“तुझं पण टेबल आहे ना?” त्या म्हणाल्या.

मी पायपुसणं सरळ करायला गेले.

मग एकदा सोसायटीची टाकी धुवायला काढली. पाणी सकाळी केव्हातरी सुटेल, एवढंच वॉचमन सांगून गेला. सासूबाईंनी रात्री नळ उघडा ठेवला आणि खाली ताटली सरकवली, तीच दिव्याची, कडेला चेपलेली. पहाटे मी उठले आणि टेबलाकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले. बादली पालथी घातली, फरशीवर बसले. ताटली वाजली तेव्हा पेन्शनचं सगळं प्रकरण संपलं होतं. टेबलावर कितीतरी दिवस मी त्याचं पहिलं पान चघळत होते.

मोकळा वेळ मला खायला उठतो. कधीही हातातून जाईल असा वेळ असला की मी कामाला लागते. चांगली सवय म्हणत नाही मी हिला. जित्याची खोड आहे. पण परीक्षा तोंडावर आली होती. मी लाज गुंडाळून सासूबाईंना विचारलं, “आई, बाथरूममधला कॉक रात्री बंद ठेवला तर? म्हणजे स्वयंपाकघरात पाणी नाही येणार.”

“आणि सोडायचं कोणी?”

“तुम्ही. वाटेल तेव्हा. मला न सांगता.”

“म्हणजे मी म्युनिसिपाल्टी?” त्या हसायलाच लागल्या. नवरा म्हणाला, दोघींचं डोकं फिरलंय. पण आमचा कारभार सुरू झाला.

म्युनिसिपाल्टी लहरी निघाली. कधी मी बसते न बसते तोच ताटली वाजायची.

“आज एवढ्यात कशाला सोडलंत? दोन पानं राहिलेली माझी!”

“पाणी काय तुला विचारून येतं?”

पुढे पुढे मात्र पाणी उशिरा यायला लागलं. मला वाटलं, वय झालं, पहाटे डोळा लागत असेल त्यांचा.

मी पास झाले, हे आत्ताच सांगून टाकते. मला तंगवून ठेवणं जमत नाही आणि सांगायचंय ते निराळंच आहे.

परीक्षेच्या दिवशी ताटली वाजेचना. उजाडलं. समोरच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. केंद्र ठाण्याला, अंघोळ व्हायची होती आणि शेवटचं प्रकरण संपता संपत नव्हतं. मी भराभर पानं उलटत होते आणि मनातल्या मनात सासूबाईंवर जळफळत होते. प्रकरण संपलं तशी पुस्तक आपटून तरातरा बाथरूमकडे गेले.

“आई, आजच झोपायचं होतं का?”

त्या आतच उभ्या होत्या. एक हात कॉकवर, दुसरा भिंतीला टेकलेला. गुडघ्यांमुळे ज्यांना आरतीलासुद्धा खुर्ची लागते, त्या ओल्या लादीवर उभ्या होत्या.

“झोपलेय कुठे? तुझी पानं वाजत होती ना. थांबली की सोडू म्हटलं.”

“म्हणजे रोज अशा उभ्या राहता?”

“मग? मध्येच सोडलं असतं तर उठली असतीस तू.”

त्यांनी कॉक फिरवला. स्वयंपाकघरात ताटली खणखणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवाजाकडे न धावता मी त्यांच्यासाठी स्टूल आणायला धावले.

“अगं, आधी नळ बंद कर!” त्या मागून ओरडत होत्या.